पंचाचा उजवा हात

फायनलच्या एकोणनव्वदाव्या मिनिटाला मैदानावर बावीस खेळाडू होते, तीन पंच होते आणि एक चेंडू होता. चार कोपऱ्यांत चार झेंडे. चारी अंगांनी साडेपाच ते सहा हजार माणसं; एका पायरीवरची डोकी मोजून पायऱ्यांच्या संख्येनं गुणल्यावर हा आकडा आला होता. वाजवायला नऊ हलग्या, दोन घुमकी, एक कैताळ. गुलालाची चौदा पोती: सात चिंचबन तालमीच्या बाजूला, सात दत्तकोपरा तालमीच्या; कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात. पोती मी सामन्याआधीच मोजली होती. ती टचलाइनपासून किती लांब ठेवायची हे कुठल्याही नियमांच्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे मलाच ठरवावं लागलं. मी पाच मीटर ठरवलं होतं.

माझ्याजवळ दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, दोन कार्डं, एक नाणं, पेन्सिल, सहा इंची स्टीलची पट्टी आणि उजव्या खिशात गुंडाळलेली पांढरी सुती दोरी होती. दोरीची लांबी नऊ मीटर पंधरा सेंटिमीटर.

गोल शून्य–शून्य.

दोरीबद्दल सांगायला हवं. फ्री कीक मारताना समोरच्या संघाच्या खेळाडूंनी चेंडूपासून नऊ मीटर पंधरा सेंटिमीटर लांब राहायचं असतं. बाकीचे पंच दहा पावलं टाकून भिंत उभी करतात. मी कोल्हापुरातल्या पाच पंचांची दहा पावलं त्यांच्या नकळत मोजून बघितली होती. सर्वांत कमी सात मीटर साठ भरली, सर्वांत जास्त नऊ मीटर नव्वद. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत निदर्शक म्हणून लागलो होतो. एवढी त्रुटी मला झोपू देईना. मी दोरी आणली. बाकीचे पंच मला ‘शिंपी’ म्हणायला लागले.

त्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीत तिसऱ्या पायरीवर हेरवाडकर सर बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा सफारी शर्ट, मांडीवर पॅड. राज्याच्या पंच-पॅनेलसाठी नावं पुढच्या आठवड्यात जायची होती आणि माझं निरीक्षण त्यांच्याकडे होतं. आदल्या वर्षी माझं नाव गळलं होतं. शेरा होता: ‘नियम पाठ आहेत. मैदानावर आठवत नाहीत.’ हा शेरा मी घरी कुणाला दाखवला नव्हता.

तर एकोणनव्वदाव्या मिनिटाला दत्तकोपऱ्याच्या बचावपटूनं आपल्याच गोलकीपरकडे चेंडू पायानं मागे दिला आणि कीपरनं तो हातानं उचलला. कीपर जोतिराम पिसे हा त्यांचा कप्तानही होता. औषधाच्या दुकानात कामाला असायचा आणि गल्ल्याशेजारी नियमांची पुस्तिका ठेवून वाचायचा. मी शिट्टी मारायच्या आत त्यानंच चेंडू खाली ठेवला आणि मान हलवली. या चुकीला इनडायरेक्ट फ्री कीक मिळते. म्हणजे तिच्यावर थेट गोल होत नाही; मारणाऱ्यानंतर चेंडू आणखी कुणाला तरी लागावा लागतो, मग तो कुठल्याही संघाचा असो. आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून पंचानं एक हात सरळ वर धरून उभं राहायचं असतं.

जागा गोलपासून सोळा मीटरवर. कीक मारायला सर्जेराव इंगवले आला. चिंचबनचा सर्वांत जुना खेळाडू, वय छत्तीस, पेठेत सगळे त्याला सर्जामामा म्हणायचे. मी दोरीचं एक टोक त्याच्या बुटाखाली दिलं आणि दुसरं घेऊन गोलकडे चालत गेलो. दत्तकोपऱ्याचे पाच जण भिंत करून पुढे पुढे सरकत होते; दोरी ताणून त्यांना एकेक करून मागे नेलं. शेवटच्या माणसाचा अंगठा दोरीच्या टोकाशी जुळला तेव्हा मला जे समाधान झालं ते मी लपवलं नाही. सर्जेरावनं पाय उचलला, मी दोरी ओढून घेतली आणि शिट्टी मारली.

सर्जेरावनं चेंडू थेट गोलवर मारला. जोतिराम गोलरेषेवर हाताची घडी घालून उभा राहिला. चेंडू त्याच्या डाव्या कानाजवळून जाळीत गेला तरी त्यानं घडी सोडली नाही. आणि मी डाव्या हातानं मैदानाच्या मधोमध बोट दाखवलं, म्हणजे गोल दिला. का दिला, याचं मी नंतर अनेकदा विश्लेषण केलं आहे. सहा हजार माणसं एका दमात ओरडली की हात त्या आवाजाच्या कलानं जातो, एवढंच सांगता येतं.

चिंचबनची सात पोती फुटायला चार सेकंद लागली. सामना संपायला अजून चाळीस सेकंद होते, पण ते फक्त माझ्या घड्याळात होते. पब्लिक आत आलं, अकराच्या अकरा खेळाडू खांद्यांवर गेले, हलग्या कडाडल्या आणि ती सगळी गुलाबी गर्दी पूर्वेकडच्या फाटकातून बाहेर पडली.

जोतिराम जाळीतून चेंडू काढून सावकाश माझ्याकडे चालत आला.

“सर, इनडायरेक्ट होती न्हवं?”

“होती.”

“मग गोल कसला?” तो म्हणाला, आणि मग त्याला शंका आली. “तुमचा हात वर होता न्हवं?”

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो खाली होता आणि त्यात दोरी होती.

नियम असा आहे. हात वर असता आणि चेंडू कुणालाही न लागता आत गेला असता, तर गोल नाही, दत्तकोपऱ्याला गोलकीक. पण पंच हात वर करायला विसरला आणि चेंडू थेट आत गेला, तर कीक परत मारायची. कारण मारणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. तिसरा रस्ता म्हणजे काहीच न बोलणं. मधोमध चेंडू ठेवून दत्तकोपऱ्यानं खेळ सुरू केला की माझी चूक कायमची गोल होणार होती. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला मागचा निर्णय बदलता येत नाही.

आणि दत्तकोपऱ्याच्या पुढच्या फळीतल्या दोघांनी जोतिरामच्या हातातून चेंडू हिसकावून मधोमध नेला होता. समोर एकही माणूस नाही, गोल रिकामा, एवढी सोन्यासारखी संधी त्यांच्या तालमीच्या इतिहासात आली नव्हती. मी धावत जाऊन चेंडूवर पाय ठेवला. तुमच्याच भल्यासाठी थांबवतोय असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशा नजरेनं माझ्याकडे पुढे फक्त एकदा, लग्नाच्या बोलण्यांत, बघण्यात आलं.

माझा लाइन्समन घाटगे धावत आला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि मला सांभाळून घेणारा. त्यानं कुजबुजत सगळा मार्ग आखून दिला. हात वर होता असं म्हणायचं, गोलकीक द्यायची, चाळीस सेकंदांनी शिट्टी मारून पेनल्टीवर न्यायचं. मी साक्ष द्यायला आहे, म्हणाला. त्याच वेळी टचलाइनवर दत्तकोपऱ्याची माणसं हात वर होता म्हणून ओरडत होती आणि चिंचबनची मागे राहिलेली चार-दोन माणसं नव्हता म्हणून शपथा घेत होती. खरं कुणाचं हे फक्त मला ठाऊक होतं आणि ते कुठल्याच मोजमापानं सिद्ध होण्यासारखं नव्हतं.

हेरवाडकर सर पायऱ्या उतरून टचलाइनपर्यंत आले. सामना चालू असताना निरीक्षकानं पंचाशी बोलायचं नसतं. ते रेषेच्या बाहेर थांबले.

“दळवी,” ते म्हणाले, “हात वर होता?”

माझ्या मागे घाटगे खाकरला.

“नव्हता, सर.”

सरांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. छोटंसंच, एखादा अंक असावा.

“मग आता?”

“कीक परत.”

“मारणार कोण?”

मी मागे वळून बघितलं. मैदानावर चिंचबनचा एकही खेळाडू नव्हता.

घड्याळ मी एकोणनव्वद मिनिटं वीस सेकंदांवर थांबवलं होतं. खरी वेळ पाच अडतीस. त्या दिवशीचा सूर्यास्त सहा एकेचाळीसला होता आणि मैदानाला दिवे नव्हते. मी दोरी जमिनीवर तिच्या जागी ताणून ठेवली, दोन्ही टोकांवर दगड ठेवले आणि जोतिरामला म्हटलं की मी चिंचबनला घेऊन येतो.

“आमी हलत न्हाई,” तो म्हणाला. “भिंत दोरीलाच हाय बघा. पन सर, त्ये येत्याल व्हय?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

मिरवणूक मैदानापासून तीनशे मीटरवर गाठली. मागच्या माणसाच्या पाठीवर थाप मारून मी त्याला सांगितलं की गोल रद्द झाला आहे. हलग्यांत त्याला ‘गोल’ एवढंच ऐकू गेलं असावं. त्यानं मला मिठी मारली आणि पंच आले, पंच आले म्हणून हाकाटी केली. पुढच्या क्षणी मीही खांद्यांवर होतो. कुणीतरी माझ्या डोक्यावर गुलालाची ओंजळ रिकामी केली, दुसऱ्यानं कॉलरमधून आत सोडली. तिसरा खालून ओरडून सांगत होता की कोल्हापुरात एवढा सरळ पंच झाला नाही.

वरून मला सर्जेराव दिसत होता, बारा-तेरा मीटर पुढे, दुसऱ्या खांद्यांवर. मी दोन्ही हातांनी नाही नाही अशी खूण केली. त्यानं हात जोडले. त्याचे डोळे भरलेले होते. मी शिट्टी मारली, लांब, सामना थांबवायला मारतात तशी. हलगीवाल्यानं ती ठेक्यात धरली. मी पुन्हा मारली, त्यानं पुन्हा धरली, आणि गर्दी त्यावर नाचायला लागली. पेठेपर्यंतच्या रस्त्यात मी एकतीस वेळा शिट्टी मारली. नंतर कितीतरी वर्षं चिंचबनच्या मिरवणुकीत हलगीबरोबर एक शिट्टी असायची.

तालमीच्या दारात मिरवणूक एकदम शांत झाली. तिथं वस्ताद केरबा माने बाकावर बसले होते. वय एक्याऐंशी, कान दुमडलेले, धोतर पांढरंशुभ्र. त्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता. लाथांचा खेळ म्हणायचे. पण जिंकून आलं की आधी मारुतीला नारळ, मग वस्तादांच्या पाया, हा तालमीचा शिरस्ता होता, आणि वस्तादांसमोर हलगी वाजवायची कुणाची हिंमत नव्हती. पंचवीस मिनिटांतली ती पहिली शांतता. मला खाली उतरवण्यात आलं, पाया पडण्यासाठी.

मी पाया पडलो आणि तिथूनच, वाकलेला असताना, सगळं सांगितलं. गोल झालेला नाही. चूक माझी. कीक परत मारायची आहे. सूर्यास्ताला अडतीस मिनिटं आहेत.

दोघांनी माझी कॉलर धरली. एकानं दत्तकोपऱ्यानं किती दिले ते विचारलं. ज्यानं मला सरळ पंच म्हटलं होतं त्यानं माझ्या आईची चौकशी केली. सर्जेराव मधे आला तेव्हा त्यांनी कॉलर सोडली.

“सर,” तो म्हणाला, “तुमचा हात खाली दिसला म्हनून मी थेट मारला. वर असता तर पास दिला असता.”

“बरोबर आहे. म्हणूनच कीक परत तुम्हालाच आहे.”

“मी अकरा फायनल खेळलो. एकाबी फायनलीत गोल न्हाई माझा. म्होरच्या म्हैन्यात गुडघ्याचं आप्रेशन हाय.” त्यानं गुडघा चोळला. “त्यो गोल चांगला होता न्हवं?”

“फार चांगला होता,” मी म्हटलं. खरंच होता.

तो खाली बसला, तालमीच्या पायरीवर, गुलालासकट.

 वस्तादांनी काठीनं मला जवळ बोलावलं.

“पंच तू?”

“होय.”

“हात वर केला व्हतास?”

पन्नास माणसं एकदम बोलली. अर्धी होता म्हणाली, अर्धी नव्हता म्हणाली, आणि ती सगळी एकाच तालमीची होती. वस्तादांनी काठी आपटली.

“मी ह्येला इचारलं.”

“नव्हता केला,” मी म्हटलं.

वस्ताद बाकाला टेकले. मग त्यांनी, कुणाकडेही न बघता, कुस्तीतली एक गोष्ट सांगितली. आखाड्यात पाठीला माती लागलेली साऱ्या गावानं बघितली, तरी पंच जितणाऱ्याचा हात धरून वर करत नाही तोवर कुस्ती निकाली ठरत नाही. हलगी थांबत नाही, फेटा मिळत नाही. त्यांच्या तरुणपणी निपाणीकडे एका पंचाला तिथल्या तिथं फेफरं आलं. दोन्ही पैलवान पंच शुद्धीवर येईपर्यंत पाऊण तास एकमेकांना धरून मातीत बसले होते.

“ह्यो म्हनतोय हात वर केला न्हाई,” वस्ताद म्हणाले. “मग निकाल लागला न्हाई. निकालाआधी गुलाल कुनी काढाय सांगितला तुमास्नी?”



मी तोंड उघडलं. फुटबॉलमध्ये हे अगदी उलट असतं; पंचाचा हात वर गेला तर थेट गोल होत नाही, आणि वस्तादांचं उत्तर बरोबर असलं तरी त्यांची पद्धत पूर्णपणे चुकीची आहे, हे मला सांगायचं होतं. प्रयोगशाळेत अशा उत्तराला मी निम्मेच गुण दिले असते. सर्जेराव पायरीवरून उठत होता, गुडघ्यावर हात रेटून. मी तोंड मिटलं.

मिरवणूक त्याच वाटेनं उलटी आली. हलग्या वाजत होत्या, पण हळू, बैल पाणी प्यायला नेताना घुंगरं वाजावीत तशा. वाटेत ज्या बायकांनी मघाशी ओवाळलं होतं त्या पुन्हा दारात आल्या होत्या आणि काय झालं म्हणून विचारत होत्या. परत चाललोय, एवढंच उत्तर त्यांना मिळत होतं.

मैदानावर पोचलो तेव्हा सहा बावीस झाले होते. दत्तकोपऱ्याची भिंत दोरीमागे एका ओळीत मांडी घालून बसली होती आणि भडंग खात होती. एकाचाही पाय दोरीच्या पुढे नव्हता. जोतिरामनंही खाल्लं होतं. तेलकट हात नकोत म्हणून त्यानं जुने ग्लोव्ह्ज काढून टाकले होते आणि राखीव जोडी पिशवीतून काढून घातली होती. पांढरी, कोरी करकरीत.

त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

“सर, तुमी आता चिंचबनचं झालासा.”

त्याचं बरोबर होतं. चिंचबनचे अकरा खेळाडू गुलाबी होते आणि मीही गुलाबी होतो. पंचाचा रंग दोन्ही संघांहून वेगळा पाहिजे, हा नियम आहे आणि जोतिरामला तो क्रमांकासह पाठ होता. मी पिंपातलं पाणी अंगावर ओतून घेतलं. गुलाल आणखी गडद झाला. घाटगेनं स्वतःची जर्सी देऊ केली, पण मिरवणुकीच्या माघारी येणाऱ्या टोकानं त्यालाही सोडलं नव्हतं.

हेरवाडकर सर तिसऱ्या पायरीवरून उतरले, टचलाइनशी आले, पॅड दातांत धरलं आणि सफारी शर्टची बटणं सोडली. शर्ट माझ्या हातात देऊन ते परत जाऊन बसले, बनियनवर, पॅड मांडीवर घेऊन.  शर्ट मला गुडघ्यापर्यंत येत होता. सहा हजार माणसांपैकी जी हसली त्यांना मी दोष देत नाही.

सहा तेहेतीस. भडंगाचा कागद उचलून भिंत उभी राहिली. मी दोरी एकदा तपासली, गुंडाळली आणि या वेळी खिशात ठेवली. चेंडू चिंचबनच्या खेळाडूंच्या हातांतून फिरत आला होता. सर्जेरावनं तो दोन्ही तळव्यांनी चोळून जागेवर ठेवला तेव्हा तो पूर्ण गुलाबी झाला होता.

मी उजवा हात वर केला. शक्य तितका सरळ. कोपर वाकलेला नाही ना, बोटं मिटलेली आहेत ना, हे बघण्यासाठी मी वर बघितलं. हात होता. डाव्या हातानं शिट्टी तोंडात धरली आणि मारली. हात अजून होता.

चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ऐकू आला.

मी नजर खाली आणली तेव्हा चेंडू जाळीत होता, मघाच्याच कोपऱ्यात. पण या वेळी जोतिराम हाताची घडी घालून उभा नव्हता. तो आडवा पडलेला होता.

कुणीही ओरडलं नाही. सहा हजार माणसं माझ्या उजव्या हाताकडे बघत होती आणि तो वर होता. एवढ्या तासाभरात सगळ्या मैदानाला नियम कळला होता. जोतिरामला चेंडू लागला असेल तर गोल; लागला नसेल तर गोलकीक आणि मग पेनल्टी. आणि ज्या एका माणसाला ते बघायचं काम होतं, तो स्वतःचा हात बघत होता.

मी घाटगेकडे बघितलं. त्यानं मान हलवली. त्याला आडवी भिंत आली होती. हेरवाडकर सरांनी पेन उचललं होतं आणि ते हवेतच धरलं होतं. सर्जेराव वाकून गुडघा धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

मी जोतिरामजवळ गेलो, हात वरच ठेवून, कारण निर्णय होईपर्यंत तो खाली आणता येत नव्हता.

“लागला का?”

तो उठून बसला. खोटं बोलायचं असतं तर ती वेळ होती आणि ते कुणालाही कळलं नसतं. मला त्याचा चेहरा आठवतो, कारण तासाभरापूर्वी माझाही तसाच झाला असणार.

“सर, आईशप्पत, मला कळलं न्हाई,” तो म्हणाला. “तासभर डोस्क्यात एकच घोकतोय, हात लावायचा न्हाई, हात लावायचा न्हाई. आनि बाल आला तसा हात गेलाच. लागला का वारं लागलं, सांगता येत न्हाई.” मग त्यानं दोन्ही हात पुढे केले. “बघा तुमीच.”

उजवा ग्लोव्ह कोरा होता. डाव्याचा अंगठा कोरा, पहिलं बोट कोरं. मधल्या बोटाच्या टोकाला गुलाल होता.

मी डाव्या हातानं खिशातून पट्टी काढली. लांबी चौदा मिलिमीटर, रुंदी सहा. जोतिरामनंही वाकून आकडा वाचला आणि मान हलवली.

मग मी उजवा हात खाली आणला आणि मैदानाच्या मधोमध दाखवला.

उरलेले चाळीस सेकंद आम्ही खेळलो. त्यांत काही झालं नाही. शेवटची शिट्टी सहा एकोणचाळीसला. सर्जेरावला उचलायला लोक आत आले, पण हातांत काही नव्हतं. चिंचबनची सातही पोती मघाच्या गोलावर संपली होती. माणसं नुसतीच रिकाम्या मुठी उडवत नाचत होती. ते बघवेना म्हणून की काय, जोतिराम आपल्या बाजूला गेला, तालमीच्या थोरल्या माणसांशी काहीतरी बोलला, आणि दत्तकोपऱ्याची सहा पोती मैदान ओलांडून आली. सातवं त्यांनी ठेवून घेतलं. पुढच्या वर्षाला असू दे, म्हणाले.

रविवारी मी हेरवाडकर सरांच्या घरी शर्ट परत करायला गेलो. तो मी चार वेळा धुतला होता आणि तो फिकट गुलाबीच राहिला होता. सरांनी तो उजेडात धरून बघितला आणि खुंटीला अडकवला. मग पॅड माझ्यापुढे सरकवलं. ‘संकेत’ या रकान्यात दहापैकी शून्य होतं. खाली, ‘चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करणे’ असा एक रकाना त्यांनी स्वतः रेघ मारून वाढवला होता. त्यात आकडा नव्हता, फक्त सही होती.

“नाव पाठवलंय,” ते म्हणाले.

लगेच त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि माझी दोरी बाहेर काढली. ती मैदानावर गोलजवळ पडली होती, त्यांनी उचलून आणली होती. पट्टी काढताना खिशातून पडली असणार.

“ही मोजली कधी होतीस?”

“घेतली तेव्हा. जूनमध्ये.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर कशाला मोजायची, सर? दोरी आहे.”

“धुतोस?”

“प्रत्येक सामन्यानंतर. मातीनं मळते.”

 पाटबंधारे खात्यातली त्यांची पोलादी टेप खुर्चीवर आधीच काढून ठेवलेली होती. त्यांनी दोरीचं एक टोक उंबऱ्याशी धरलं, मी दुसरं टोक घेऊन व्हरांड्यातून अंगणात, तुळशीपर्यंत गेलो, आणि दोघांनी ताणून धरलं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकच आलं.

आठ मीटर शहाऐंशी सेंटिमीटर.